वात्सल्याची वसुली
बँकेला काळीज नसतं म्हणता ना? मग ऐका. शैक्षणिक कर्जाचा हप्ता बँक शिक्षण संपल्यावरही साधारण वर्षभर मागत नाही. (व्याज चढत असतं, ते सोडा.) आणि तुम्ही? पोरगं साताऱ्याहून पुण्याच्या होस्टेलवर ट्रंक उतरवतंय, तोच पहिली मागणी : ‘जेवलास का?’ रात्री व्हिडिओ कॉलवर ताटाची तपासणी! एवढं कडक ऑडिट आमच्या शाखेचंही होत नाही. ‘करमत नाही हो,’ म्हणे. नाहीच करमणार! १८ वर्षांची सवय आहे. पण त्याची वसुली रोज पोराकडून कशाला? त्याची रिकामी कॉट हलवू नका, खुशाल तिच्याकडे बघत बसा. फोन रविवारी, तोही त्यानं केला तर. पैसे मागितले, तर मात्र हिशेब विचारा. तिथे माझी सवलत नाही.