झाकलेली मूठ

विद्यार्थिमित्रहो, ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण आपण वर्गात शिकतो. घरातील उणे चव्हाट्यावर मांडू नये हा तिचा बोध पुष्कळ प्रसंगी हिताचाही असतो. परंतु एक प्रसंग असा आहे की, तेथे झाकल्या मुठीचे मोल प्राणांनी चुकवावे लागते. तो प्रसंग म्हणजे स्तनांचा कर्करोग. हा शब्द शाळेच्या वार्षिकात छापावा काय, आणि तो एका पुरुष शिक्षकाने लिहावा काय, अशी शंका काही पालकांच्या मनात येईल. ती प्रामाणिक आहे. परंतु माझ्या मते याच संकोचाने अनेक घरांतील माता अकाली गेल्या आहेत. मी वैद्य नव्हे, कलाशाखेचा एक पदवीधर आहे. तथापि आकडे वाचणे आणि त्यांचा अर्थ लावणे हे कोणाही सुशिक्षिताचे कर्तव्य होय.

आधी जगाकडे पाहू. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ साली जगात सुमारे २३ लक्ष स्त्रियांना हा रोग झाल्याचे निदान झाले आणि सुमारे ६ लक्ष ७० हजार स्त्रिया त्याने मृत्यू पावल्या. त्याच वर्षी भारतात सुमारे १ लक्ष ९२ हजार नवे रुग्ण आढळले आणि ९८ हजार मृत्यू झाले. जगात नव्या रुग्णांच्या मानाने मृत्यूंचे प्रमाण तिसऱ्या हिश्श्याहून कमी. आपल्याकडे मात्र ते निम्म्याहून अधिक! जागतिक आरोग्य संघटना आणखी एक तुलना देते. अतिप्रगत देशांत दर १२ स्त्रियांपैकी एकीला आयुष्यात हा रोग होतो, परंतु त्याने मरण येते ते ७१ पैकी एकीला. अप्रगत देशांत तो होतो २७ पैकी एकीलाच. मृत्यू मात्र ४८ पैकी एकीला येतो. म्हणजे जेथे रोग विरळा, तेथेच मरण अधिक. हा दैवाचा खेळ असता, तर असा उलटा हिशेब निघाला नसता.

काळाच्या ओघातही हेच दिसते. १९८० नंतरच्या चार दशकांत श्रीमंत देशांतील या रोगाचा मृत्युदर सुमारे ४० टक्क्यांनी उतरला. ब्रिटनने १९८८ पासून राष्ट्रव्यापी तपासणी सुरू केली. अमेरिकेतील मृत्युदर १९८९ नंतर घसरणीला लागला. लवकर निदान आणि पूर्ण उपचार या दोहोंचे हे फळ आहे. उलट आशिया आणि आफ्रिका खंडांतील अनेक देशांत मृत्यू वाढतच आहेत. हीच गती राहिली तर २०५० पर्यंत जगातील मृत्यू ६८ टक्क्यांनी वाढतील, असा अंदाज २०२५ साली प्रसिद्ध झाला.

कोणी म्हणेल, ‘त्यांच्याकडे पैसा आहे, यंत्रे आहेत, आपली त्यांची बरोबरी कशी?’ हा आक्षेप खोटा नाही. परंतु उत्तमोत्तम रुग्णालयही उशिरा आलेल्या रुग्णापुढे हतबल होते. आणि उशीर होतो कोठे? तो होतो आपल्या घरात. हाताला गाठ लागते. दुखत नाही, म्हणून बाई गप्प राहते. मग संत्र्याचा बहर, मग मुलीचे लग्न, मग पोळा. दुखणे अंगावर काढणे हा आपल्याकडे सद्गुण मानला जातो. माझी मातृभाषा कोंकणी, तुमची मराठी, शेजाऱ्याची हिंदी. परंतु या व्याधीचे नाव घेताना तिन्ही भाषा सारख्याच खाली मान घालतात.

पांढुर्णा आणि सौंसर हा संत्र्यांचा मुलूख. झाडाच्या बुंध्यातून डिंक पाझरताना दिसला की, आपला शेतकरी चार लोकांना विचारतो, रोगट साल खरवडतो आणि बोर्डो मलम लावतो. ‘पुढल्या वर्षी पाहू’ असे तो म्हणत नाही. जे भाग्य झाडाला लाभते, ते घरच्या लक्ष्मीला का लाभू नये?

यंत्राविनाही पुष्कळ साधते, हे मुंबईने दाखविले आहे. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ साली तेथील झोपडवस्त्यांत एक मोठा प्रयोग आरंभिला. सुमारे दीड लक्ष स्त्रियांचे दोन गट केले. एका गटातील स्त्रियांची दर दोन वर्षांनी हाताने तपासणी होई, आणि ती करणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, तर शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका होत्या. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तपासणी झालेल्या गटात रोग लवकरच्या अवस्थेत सापडला आणि पन्नाशी व त्यापुढील स्त्रियांत मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतील स्त्रियांत मात्र मृत्यू घटल्याचे दिसले नाही, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

मुलींनो, आणखी एक नाव ध्यानी ठेवा. १९१७ साली पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी मुंबईत डॉ. वसंत खानोलकर यांच्या हाताखाली संशोधन करून १९४९ साली डॉक्टरेट मिळविली आणि स्तनांच्या कर्करोगाचा आनुवंशिकतेशी असलेला संबंध उंदरांवरील प्रयोगांनी शोधला. १९८२ साली त्यांना पद्मभूषण लाभले. पाऊणशे वर्षांपूर्वी एका मराठी स्त्रीने प्रयोगशाळेत जो शब्द निःसंकोच उच्चारला, तो आज आपल्या माजघरात उच्चारता येऊ नये, ही खेदाची गोष्ट आहे.

मग करावे काय? न दुखणारी गाठ, काखेतील गाठ, त्वचेला पडलेली खळी, स्तनाग्र आत ओढले जाणे किंवा त्यातून रक्त येणे, यांपैकी काहीही दिसले तर डॉक्टरांना दाखवावे. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. म्हणून भिऊ नये, आणि काही असतात, म्हणून थांबू नये. शासनाच्या आरोग्य केंद्रांत तीस वर्षांवरील स्त्रियांच्या तपासणीची योजना आहे. प्रथम दाखविल्यापासून साठ दिवसांच्या आत निदान व्हावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपला पांढुर्णा जिल्हा २०२३ साली नवा झाला, परंतु नागपूर आपल्याला जुनेच आहे; कर्करोगाची मोठी रुग्णालये तेथे आहेत आणि अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास. आपण लग्नाचा बस्ता बांधायला तेथे जातो. तपासणीसाठी जाणे जड का वाटावे?

मुलग्यांनो, हे तुमच्यासाठीही आहे. घरात पैशाची पिशवी आणि ‘जाऊ या’ हा शब्द बहुधा पुरुषांच्या हाती असतो. शिवाय हा रोग क्वचित पुरुषांनाही होतो. म्हणून आज घरी गेल्यावर हा अंक आईच्या, आजीच्या, काकूच्या हाती द्या. बोलायला संकोच वाटला, तर नुसते हे पान उघडून ठेवा. मूठ उघडण्याचा आरंभ तेवढ्यानेही होईल.