सुपरचार्जरचं नाक



श्टुटगार्ट, इंगोलश्टाट, म्युनिक या पट्ट्यात गाड्यांचं वेड असलेली मराठी तरुण मंडळी बरीच आहेत. आठवडाभर कुठल्यातरी कंपनीत इंजिनाचं सॉफ्टवेअर लिहायचं आणि शनिवारी स्वतःच्या गाडीचं बॉनेट उघडून बसायचं. मी द्रवगतिकीत संशोधन करते हे एकदा कळलं की गणपतीच्या महाप्रसादाच्या रांगेतसुद्धा प्रश्न येतो, "ताई, तुम्ही फ्लुइडवाल्या ना? मी माझ्या एस-फोरला ओपन इनटेक बनवतोय. किती पॉवर वाढेल?"

हातात ताट आणि मागे रांग असताना याचं नीट उत्तर देता येत नाही, म्हणून इथे लिहिते. माझं मत आधीच सांगून टाकते. सुपरचार्जर असलेल्या गाडीचा इनटेक स्वतः बनवणं हा घरी करण्याजोगा एक उत्तम प्रयोग आहे. पण बाजारात आणि यूट्यूबवर ज्याला इनटेक म्हणतात, म्हणजे मूळ डबा काढून इंजिनाशेजारी उघडा शंकूसारखा फिल्टर बसवणं, त्याने बहुतेक वेळा गाडीचं नुकसानच होतं. ते नुकसान लक्षात येत नाही, कारण गाडी आवाज जास्त करते.

आधी हवेचा हिशोब करू. ऑडीची बी-८ पिढीची एस-फोर घ्या. तीन लिटरचं व्ही-६ इंजिन, ३३३ पीएस, आणि दोन सिलिंडर-रांगांच्या मधल्या खळग्यात ईटनचा सुपरचार्जर. पूर्ण ताकदीला हे इंजिन सेकंदाला साधारण पाव किलो हवा खातं. इंधनाचा खप आणि हवा-इंधनाचं प्रमाण धरून हा आकडा तुम्हीही काढू शकता. पाव किलो हवा म्हणजे २०० लिटरहून थोडी जास्त. आपल्याकडे गच्चीवर पाणी साठवायला निळं पिंप असतं ना, तेवढं एक अख्खं पिंप, दर सेकंदाला. ८० मिलिमीटर व्यासाच्या नळीतून ही हवा जाते तेव्हा तिचा वेग ताशी १५० किलोमीटरच्या आसपास असतो. गाडी जागेवर उभी असली तरी नळीत वादळ चालू असतं.

या वेगाच्या हवेचा गतिजन्य दाब भरतो सुमारे १० मिलीबार. इनटेकमधला प्रत्येक तोटा याच मापात मोजायचा. काटकोनात तीक्ष्ण वळण दिलंत की जवळजवळ पूर्ण १० मिलीबार गेले. तेच वळण मोठ्या त्रिज्येचं असेल तर दोन-तीन मिलीबारवर भागतं. डब्याच्या आत नुसती कापलेली नळी खुपसून ठेवली असेल तर तिच्या तोंडाशीच आठ-दहा मिलीबार जातात, कारण हवा कडेवरून वळताना भिंतीपासून सुटते आणि नळीचं तोंड प्रत्यक्षात अरुंद होतं. त्याच तोंडाला सनईसारखी पसरट गोल कड दिली तर तोटा अर्ध्या मिलीबारच्या आत येतो. ८० च्या नळीला १५ मिलिमीटर त्रिज्येची गोलाई पुरते. थ्री-डी प्रिंटरवर दोन-चार युरोंच्या प्लास्टिकमध्ये होणारं हे काम आहे. अख्ख्या इनटेकमध्ये इतक्या स्वस्तात इतका फायदा दुसऱ्या कशातच नाही, आणि बॉनेट उघडल्यावर दिसत नाही म्हणून ते कुणी करत नाही.

आता १० मिलीबार म्हणजे किती? बाहेरच्या हवेचा दाब साधारण १००० मिलीबार, म्हणजे एक टक्का. ३३३ पीएसमधले तीन. बस्स.

तापमानाचा हिशोब याच्या शेजारी ठेवा. बाहेर २० अंश असताना इंजिनाशेजारची ३० अंशांची हवा ओढली तर हवेची घनता ३.३ टक्क्यांनी कमी होते. साधारण ११ पीएस गेले. २० अंशांचा फरक पडला तर वीसेक पीएस. शिवाय सुपरचार्जर हवा दाबताना ती आणखी तापवतो. इंटरकूलरवरचा भार वाढतो, इंजिन नॉक करू लागलं की संगणक इग्निशन मागे घेतो, आणि ताकद अजून उतरते. उन्हाळ्यात ए-८ वर श्टाऊमध्ये अर्धा तास अडकलात की बॉनेटखाली किती गरम होतं हे वेगळं सांगायला नको. मूळ डब्याची ती कुरूप काळी सोंड ग्रिलच्या मागे का नेलेली असते, याचं उत्तर इथे आहे. चकचकीत शंकू बसवून तुम्ही दोन टक्के दाब वाचवता आणि चार टक्के घनता घालवता.

एक गैरसमज इथेच मिटवू. नळी ॲल्युमिनियमची असावी की कार्बनची, यावर मंडळी तासन्‌तास भांडतात. मीटरभर नळीतून हवा एका सेकंदाच्या चाळिसाव्या भागात निघून जाते. तेवढ्यात नळी तिला फार तर एखादा अंश तापवेल. हवा कुठून ओढली हे महत्त्वाचं आहे, ती कशातून गेली हे त्या मानाने किरकोळ.

मग एवढ्यातेवढ्या टक्क्यांची चिंता सुपरचार्जरच्याच गाडीत का करायची? कारण टर्बो सांभाळून घेतो, सुपरचार्जर घेत नाही. टर्बोच्या गाडीत इनटेकने थोडा दाब खाल्ला तर संगणक वेस्टगेट किंचित मिटतो, टर्बो जास्त वेगाने फिरतो आणि ठरलेला दाब गाठतो. अर्थात त्याच्याकडे तेवढी शिल्लक असेपर्यंतच. सुपरचार्जर पट्ट्याने इंजिनाला बांधलेला असतो. इंजिनाच्या अमुक फेऱ्यांना त्याच्या तमुक फेऱ्या, आणि प्रत्येक फेरीला ठरावीक आकारमानाची हवा. बायपासची झडप पूर्ण मिटलेली असताना आत येणारी हवा एक टक्का विरळ असेल तर बाहेर पडणारीही एक टक्का कमीच असते. दाब १.८ पट होत असेल तर अलीकडे गमावलेले १० मिलीबार पलीकडे १८ झालेले असतात. म्हणून इथे इनटेक खरोखर महत्त्वाचा असतो, आणि बिघडवलेला इनटेक दुप्पट महागात पडतो.

हे सगळं पॅडल तळाला टेकलेलं असतानाचं. शहरात ५० च्या वेगाने ऑफिसला जाताना थ्रॉटलची चकती स्वतःच शेकडो मिलीबार अडवून बसलेली असते. त्या वेळी तुमची नळी सनईच्या तोंडाची आहे की चिंचोळी, याने काडीचाही फरक पडत नाही. "लावल्यापासून सिग्नलवरून गाडी हलकी सुटते" असं कुणी म्हणालं तर समजा, तो कानाने गाडी चालवतोय.

कानाचा हा मोह जर्मनीत शंभर वर्षं जुना आहे. १९२१ च्या बर्लिन मोटार प्रदर्शनात मर्सिडीजने कॉम्प्रेसर बसवलेल्या गाड्या मांडल्या. पुढे त्यांची नावं ६/२५/४० आणि १०/४०/६५ अशी पडली. पहिला आकडा करासाठीचा, दुसरा कॉम्प्रेसरविना ताकद, तिसरा कॉम्प्रेसर जोडल्यावरची. तो कायम चालू नसे. पॅडल अगदी शेवटापर्यंत दाबलं की क्लच जुळायचा, हवा कार्ब्युरेटरमध्ये ढकलली जायची आणि एक लांब किंकाळी उठायची. १९२८ च्या एसएसकेने ती किंकाळी दंतकथा करून टाकली. त्या गाडीत किंकाळी म्हणजे ताकद हे समीकरण अक्षरशः खरं होतं. आजच्या गाडीत रोटर इंजिनाबरोबर फिरतच असतात आणि शिट्टी आतमध्ये होतच असते. उघडा फिल्टर लावल्यावर ऐकू येते ती जुनीच शिट्टी, तुम्ही फक्त तिच्यावरचं झाकण काढलंय.

झाकण म्हणजे काय, हेही बघण्यासारखं आहे. मूळ नळीला बाजूला एक बंद डबी चिकटवलेली असते. तिच्यातून हवा कुठेच जात नाही, म्हणून "हा अडथळा" म्हणत ती पहिल्यांदा कापली जाते. ती डबी म्हणजे हेल्महोल्ट्झ अनुनादक. हेर्मान फॉन हेल्महोल्ट्झ पॉट्सडामचा. १८६३ च्या आपल्या ग्रंथात त्याने अशाच पोकळ गोळ्यांनी आवाजातले सूर सुटे करून दाखवले होते. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली की जो ठरावीक सूर निघतो, तेच तत्त्व. एक लिटरची डबी, तीन सेंटिमीटर व्यासाची आणि पाच सेंटिमीटर लांबीची मान घ्या. गणित केलं तर सूर येतो १७० हर्ट्झच्या आसपास. सहा सिलिंडरचं इंजिन ३४०० फेऱ्यांना सेकंदात १७० वेळा पेट घेतं. म्हणजे बरोबर त्या फेऱ्यांना उठणारी घरघर ही डबी गिळून टाकते, आणि मुख्य प्रवाहाला हातही लावत नाही. कापून मिळतो तो निव्वळ आवाज. मला विचाराल तर नव्या इनटेकमध्येही अशी डबी असावी आणि तिचा सूर तुम्ही स्वतः ठरवावा. याहून मजेचा गृहपाठ मला सुचत नाही.

वेगाने आपोआप भरणाऱ्या हवेबद्दलही रांगेत बरंच ऐकलंय. ताशी १०० ला समोरून येणाऱ्या हवेचा दाब साडेचार-पाच मिलीबार, म्हणजे अर्धा टक्कासुद्धा नाही. ताशी २५० ला तो २९ होतो, कारण वेगाच्या वर्गाने वाढतो. विमानात मात्र हा खेळ खरा. दुसऱ्या महायुद्धातल्या मेसरश्मिट १०९ च्या एफ आवृत्तीत सुपरचार्जरचं तोंड गोल करून धडापासून दूर, मोकळ्या वाऱ्यात सरकवलं होतं. सहा किलोमीटर उंचीवर, ताशी ६०० च्या वेगात, अशा तोंडाला आजूबाजूच्या विरळ हवेच्या जवळजवळ पाचव्या हिश्शाइतका दाब फुकट मिळू शकतो. आपल्या गाडीला ऑटोबानच्या मोकळ्या तुकड्यावर काही सेकंद दोन-तीन टक्के मिळतील. मिळाले तर घ्यावेत, पण त्यासाठी बॉनेटला भोक पाडू नये.

तर बनवायचंच असेल तर करवतीआधी मोजा. फिल्टरच्या आधी आणि थ्रॉटलच्या आधी अशा दोन ठिकाणी बारीक नळ्या जोडून दाबातला फरक बघायचा. बाउमार्क्टमधली पारदर्शक नळी आणि रंगीत पाणी यांची यू-नळीही चालते, एक मिलीबारला एक सेंटिमीटर. पण पाणी इंजिनात ओढलं जायचा धोका असतो, म्हणून स्वस्तातला डिजिटल मापक बरा. चालवणारा एक आणि आकडे टिपणारा दुसरा, हे पाळा. डब्याच्या आत एक थर्मोकपल सोडा. कागदी फिल्टर जुना असेल तर आधी नवा घालून पुन्हा मोजा, कारण निम्म्या गाड्यांचा आजार तिथेच बरा होतो. एवढं करून पूर्ण ताकदीला तोटा २० मिलीबारपेक्षा कमी निघाला तर माझ्या मते काम तिथेच थांबवावं. जास्त असेल तर मूळ सोंड आणि बंद डबा ठेवून आतली वळणं, तोंड आणि फिल्टरचं क्षेत्रफळ यांवर काम करा. नळी ८० वरून ९० करायची असेल तर ती किमान आठ सेंटिमीटर लांबीत हळूहळू रुंद व्हायला हवी. एकदम केलेली पायरी म्हणजे पुन्हा भोवरे. आणि ज्या गाडीत हवामापक सेन्सर त्या नळीत बसतो तिथला व्यास बदलूच नका. सेन्सर त्या व्यासाला जुळवलेला असतो, तो बदलला की संगणक चुकीच्या हवेचा हिशोब करून पेट्रोल सोडतो.

प्लास्टिकची निवड गांभीर्याने घ्या. पीएलए साठेक अंशांना मऊ पडतं, बॉनेटखाली त्याला जागा नाही. फिल्टरनंतरच्या नळीतून सुटलेला कपचा थेट रोटरमध्ये जातो. त्या रोटरमधली फट इतकी बारीक असते की वाळूचा कणही ओरखडा काढतो.

राहिला ट्यूफ. त्याच्या नावाने बोटं मोडणं हा इथला आपला आवडता विरंगुळा आहे, आणि इथे मी ट्यूफच्या बाजूने आहे. या संस्थेचं मूळ १८६५ मध्ये मानहाइमच्या एका ब्रुअरीत फुटलेल्या बॉयलरमध्ये आहे. दुसऱ्याच वर्षी कारखानदारांनी स्वतः एकत्र येऊन बॉयलर तपासणारी संस्था काढली. एसटीव्हीझेडओ या नियमावलीच्या कलम १९ नुसार बदलामुळे गाडीचा आवाज किंवा धूर बिघडणार असेल तर तिचा चालवण्याचा परवानाच संपतो. मग पोलीस आणि अपघात झाला तर विमा कंपनीचे प्रश्न, दोन्ही तुमच्या दारात. आपल्या पुण्यात एआरएआयच्या टेकडीवर कंपन्यांच्या गाड्या तपासल्या जातात, पण एकट्या माणसाने घरी केलेला सुटा भाग घेऊन कुणी अधिकृत तज्ज्ञासमोर उभं राहिल्याचं मी तिकडे कधी ऐकलं नाही. इथे कलम २१ ची एकल तपासणी ती सोय देते. खर्च होतो, वेळ जातो, आवाजाची चाचणी मागितली तर खिसा चांगलाच हलका होतो. पण तज्ज्ञ मागतो ती माहिती म्हणजे साहित्य, तापमान, आवाज आणि जोडणी, आणि हे सगळं चांगल्या इनटेकसाठी तुम्हाला मोजावंच लागणार असतं.

म्हणून भाग बनवून मग नव्हे, तर कागदावर आराखडा असतानाच त्याच्याकडे जा. जाण्याआधी गाडीच्या नोंदणीपत्रावरचा यू.३ हा रकाना बघून ठेवा. तिथे तुमच्या गाडीचा धावतानाचा आवाज डेसिबलमध्ये छापलेला असतो. यू.१ मध्ये उभ्या गाडीचा, आणि यू.२ मध्ये तो किती फेऱ्यांना मोजला ते. तज्ज्ञ पहिल्यांदा तिथेच बोट ठेवेल.