आधी देणी, मग अणुभट्ट्या

अणुऊर्जेचा विस्तार देशाला हवाच आहे. मात्र तारापूर अणुऊर्जा प्रकल्पाच्या विस्थापितांचा हिशेब चुकता केल्याखेरीज नव्या प्रकल्पासाठी कोणत्याही गावाकडे जमीन मागण्याचा अधिकार सरकारला नाही, अशी आमची भूमिका आहे.

सध्याची सुमारे 9 हजार मेगावॉटची अणुवीज क्षमता 2047 पर्यंत 1 लाख मेगावॉटवर नेण्याचे केंद्राने ठरवले आहे. कोळसा मागे सारायचा, तर सूर्य मावळल्यावर आणि वारा पडल्यावरही चालणारी वीज लागेल. अशी वीज देता येते, हे तारापूरने 1969 पासून दाखवून दिले आहे.

अडचण येईल ती जमिनीपाशी. तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. प्रत्येकी 540 मेगावॉटच्या या भट्ट्या 2005-06 मध्ये सुरू झाल्या. विस्थापितांना मात्र पुनर्वसनासाठी उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. मासेमारीवर जगणाऱ्यांचा किनारा सुटला तो सुटलाच. या अनुभवाची झळ कोकणात पुढे पोहोचली. जैतापूर अणुऊर्जा प्रकल्पाला विरोध करणाऱ्यांनी तारापूरकडेच बोट दाखवले.

म्हणून केंद्र, राज्य आणि अणुऊर्जा महामंडळ यांनी विस्थापितांच्या घरांचा, रोजगाराचा आणि भरपाईचा गावनिहाय हिशेब तारखांसह जाहीर करावा आणि तो पाळावा. हे टाळले, तर नव्या अणुभट्ट्यांचे आराखडे कागदावरच राहतील आणि त्याचा दोष गावकऱ्यांवर ढकलता येणार नाही.