आधी बोलावणे येऊ द्या

शाळा सुरू झाल्या की मंडळ्यांमध्ये तरुण संघाच्या वर्षाच्या कार्यक्रमांची आखणी सुरू होते. स्नेहसंमेलन, नाताळची गाणी, बायबल क्विझ, उन्हाळी शिबिर या जुन्या यादीत अलीकडे एका नव्या ओळीची भर पडली आहे: ‘मे महिन्यात मिशन ट्रिप’. चौदा ते अठरा वयोगटातील मुले, दहा दिवस आणि बहुधा नेपाळ. पासपोर्टची कटकट नाही, खर्च आवाक्यातला आणि ‘परदेश’ म्हणायची सोय, त्यामुळे नेपाळ सुचणे साहजिक आहे. तरुण संघांचे सेवक, संडे स्कूलचे शिक्षक आणि पाळकसाहेब यांच्यासाठीच हे मासिक आहे, म्हणून यंदाच्या आखणीआधी थोडे स्पष्ट बोलायला हवे. मुलांना पाठवूच नये, असे आमचे मत नाही. तयारी म्हणून आपण जे करतो, ती तयारी नव्हे, एवढेच म्हणणे आहे.

आपली तयारी बहुधा अशी असते: सारखे टी-शर्ट, दोन नाटुकली, चार हिंदी गाणी, मुलांसाठी खाऊ आणि रंगीत पुस्तिका, निघण्याआधीच्या रविवारी प्रार्थना. हा साचा आपला नाही. अमेरिकेतील तरुणांच्या चळवळींनी तो घडवला. १९६० साली लॉरेन कनिंगहॅम यांनी ‘यूथ विथ अ मिशन’ सुरू केली. १९७० पासून ‘टीन मिशन्स’ फ्लोरिडातल्या मेरिट आयलंडवर किशोरांना तंबूत ठेवून, अडथळ्यांच्या शर्यती पळवून, विटा रचायला शिकवून जगभर पाठवू लागली. त्या मुलांचा उत्साह खरा होता, कष्टही खरे होते.

पण आक्षेपही तितकेच जुने आहेत. एप्रिल १९६८ मध्ये मेक्सिकोतल्या क्वेर्नावाका येथे कॅथलिक धर्मगुरू इव्हान इलिच यांनी उन्हाळी सेवेला आलेल्या अमेरिकी विद्यार्थ्यांना तोंडावर सांगितले, की बघायला या, शिकायला या, पण मदत करायला येऊ नका. १९९८ च्या मिच वादळानंतर होंडुरासमध्ये घरे बांधायला अमेरिकेतून गटच्या गट गेले. समाजशास्त्रज्ञ कर्ट व्हेर बीक यांनी नंतर त्याचा हिशेब मांडला. स्थानिक संस्था सुमारे २,००० डॉलरमध्ये जे घर बांधत होती, तेच पाहुण्यांच्या हातून विमानभाडे धरून ३०,००० डॉलरच्या आसपास जात होते. घर कोणी बांधले याने त्यात राहणाऱ्या कुटुंबाच्या आयुष्यात फारसा फरक पडलेला दिसला नाही. आणि ‘या प्रवासाने मी बदललो’ असे सांगणाऱ्यांच्या पुढच्या वर्षांच्या दानधर्मात तो बदल शोधून सापडेना.

पैशाचा प्रश्न मोठा असला तरी आमची मुख्य काळजी ती नाही. दहा दिवसांनी मुले घरी येतात, पण त्यांनी केलेल्या कामाचे परिणाम तिथेच राहतात आणि ते तिथल्या मंडळीला निस्तरावे लागतात. नेपाळच्या बाबतीत हे जितके खरे आहे, तितके क्वचितच कुठे असेल.

नेपाळी मंडळीचा इतिहास आपल्या मुलांना ठाऊक नसतो. नेपाळी भाषेतले संपूर्ण बायबल १९१४ साली दार्जिलिंगच्या गंगाप्रसाद प्रधान यांच्या परिश्रमातून आले, कारण खुद्द नेपाळची दारे तेव्हा बंद होती. १९५१ नंतर ती उघडली. १९५४ मध्ये ‘युनायटेड मिशन टू नेपाळ’ दवाखाने आणि शाळा घेऊन आत गेले ते धर्मांतर न करण्याच्या अटीवर. म्हणजे सुवार्ता सांगितली ती नेपाळी माणसांनी आणि त्यासाठी तुरुंगात गेली तीही नेपाळीच माणसे. १९९० च्या लोकशाही आंदोलनानंतर त्यांच्यातले अनेक सुटले. २०२१ च्या जनगणनेत ख्रिस्ती लोकसंख्या ५ लाखांच्या वर आहे. अशा मंडळीला तुमची नववीतली मुले दहा दिवसांत काय शिकवणार? शिकायला गेली, तर मात्र पुष्कळ काही घेऊन येतील.

आता कायदा पाहा. २०१५ च्या राज्यघटनेने दुसऱ्याचे धर्मांतर करण्यास मनाई केली. ऑगस्ट २०१८ पासून लागू असलेल्या फौजदारी संहितेत त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. परदेशी व्यक्तीला शिक्षा भोगून झाल्यावर देशाबाहेर काढले जाते. २०१६ मध्ये दोलखा जिल्ह्यातल्या चरिकोट येथे भूकंपग्रस्त मुलांच्या मानसिक आधाराच्या कार्यक्रमात येशूच्या जीवनावरील चित्रपुस्तिका वाटल्याबद्दल आठ ख्रिस्ती माणसांवर खटला भरला गेला. डिसेंबरमध्ये ती निर्दोष सुटली, पण मधले महिने त्यांचे होते, आपले नव्हते. तुमच्या सामानात ज्या रंगीत पुस्तिका आहेत, त्या याच जातीच्या आहेत. पुस्तिका वाटून मुले गोरखपूरची गाडी पकडतील; पोलिस चौकशीला येतील ते तिथल्या पाळकाच्या घरी.

म्हणून आमचा आग्रह एकाच तत्त्वाचा आहे: जो परतणार आहे त्याने थांबणाऱ्याच्या हाताखाली काम करावे. आपल्याला हे नवे नसावे, कारण आपण दोनशे वर्षे यजमानाच्या बाजूला होतो. सिंथिया फरार १८२७ मध्ये मुंबईत आल्या आणि १८६२ मध्ये अहमदनगरला वारल्या. त्यांच्या मुलींच्या शाळा पाहून जोतीराव फुल्यांना पुण्यात शाळा काढण्याची प्रेरणा मिळाली, कारण तिथे पाहण्यासारखे काही उभे राहण्याइतकी वर्षे त्या थांबल्या होत्या. दहा दिवसांचा प्रवासी फरारबाईंची जागा घेऊ शकत नाही. त्याने ती घ्यायचा आवही आणू नये.

या तत्त्वातून तयारीच्या सगळ्या पायऱ्या आपोआप निघतात.

पहिली पायरी बोलावण्याची. ‘आम्ही येतोय, व्यवस्था करा’ असा निरोप म्हणजे बोलावणे नव्हे. नेपाळी मंडळीला किमान आठ महिने आधी लिहा आणि तीन गोष्टी विचारा: तुम्हाला कोणी यायला हवे आहे का, किती जण झेपतील, आणि ते आले तर त्यांनी काय करू नये? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत मोलाचे असते. नेपाळी माणूस पाहुण्याला सहसा ‘नको’ म्हणत नाही. उत्तर गुळमुळीत आले, तर तो नकार समजा. वीस जणांचा गट एखाद्या लहान मंडळीवर वऱ्हाडासारखा उतरला, तर त्यांचे दहा दिवस स्वयंपाक, अंथरुणे आणि गाड्यांच्या सोयीतच जातात, आणि वर आपण त्याला सेवा म्हणतो. आठ मुले आणि दोन-तीन मोठी माणसे पुष्कळ झाली. तारखाही त्यांनीच ठरवाव्यात. आपल्या दसरा-दिवाळीच्या सुमारास तिथे दशैं आणि तिहार असतात. दशैंत घरच्या वडीलधाऱ्यांच्या हातून टीका लावून घेण्यावरून ख्रिस्ती झालेल्यांची आधीच ओढाताण होत असते. त्या दिवसांत दारात परदेशी गट उभा राहणे त्यांना परवडणारे नाही.

दुसरी पायरी निवडीची. पैसे भरू शकणारी मुले म्हणजे निवडलेली मुले नव्हेत. मंडळीने निधी उभारावा आणि ज्याला खर्च झेपत नाही, त्याचेही नाव यादीत यावे. मुलाला ‘तुला का जायचंय?’ असे विचारा. उत्तर ‘त्यांना मदत करायला’ असेल तर त्याला नापास करू नका, पण तयारीची सुरुवात नेमकी तिथून करा.

तिसरी पायरी सहा महिन्यांच्या अभ्यासाची, आणि इथे मराठी मुलांना एक आयती सोय आहे. नेपाळी देवनागरीत लिहितात. आपला मुलगा पहिल्या दिवशी नेपाळी भजनाचे पुस्तक उघडून वाचू शकतो, अर्थ हळूहळू उमगतो. मग हिंदीवर का निभावायचे? महाराष्ट्रात येऊन मराठीचे चार शब्दही न शिकणाऱ्यांविषयी आपण किती तावातावाने बोलतो! आठवड्याला एक तास दिला तर सहा महिन्यांत मुले दहा वाक्ये, चार भजने आणि ‘तपाईं’ म्हणण्याची सवय घेऊन जातील. मोठ्या माणसाला ‘दाइ’, बाईंना ‘दिदी’, आणि भेटताना हात जोडून ‘जय मसीह’ म्हणावे. तिथे उपासना शनिवारी असते, चपला बाहेर काढतात, बरेचदा खाली बसतात आणि पुरुष-स्त्रिया वेगळ्या बाजूंना असतात. २५ एप्रिल २०१५ चा भूकंप शनिवारी दुपारच्या सुमारास झाला, तेव्हा अनेक मंडळ्या उपासनेतच होत्या. हेही मुलांना माहीत असावे. त्याच वर्षी सप्टेंबरपासून सीमेवर झालेल्या नाकेबंदीत नेपाळमध्ये इंधन आणि औषधांचे हाल झाले. नेपाळी माणूस त्याचा दोष भारताला देतो. मोठ्या भावाचा तोरा मिरवत गेलेल्या मुलाला तिथे गोड बोलून दूर ठेवतील.

अभ्यासाचा सराव इथेच करता येतो. तुमच्या सोसायटीचा रखवालदार, कोपऱ्यावरचा मोमोवाला, हॉटेलच्या स्वयंपाकघरातला पोरगा यांपैकी कितीजण नेपाळी आहेत? आपली मुले त्यांना सरसकट ‘बहादूर’ म्हणतात. मुंबई-पुण्यात नेपाळी भाषेत उपासना करणाऱ्या मंडळ्या आहेत. महिन्यातून एकदा तिथे जाऊन मागच्या रांगेत बसा, नंतर चहाला थांबा, नावे विचारा, गाव विचारा. या सहा भेटींत ज्या मुलाचे कुतूहल टिकले, त्याने पुढे जावे. ज्याला पाचव्या भेटीत कंटाळा आला, त्याला काठमांडूतही येईल.

चौथी पायरी कागदपत्रांची आणि सुरक्षिततेची. तिथे हलगर्जीपणा अजिबात नको. नेपाळला जाताना १५ ते १८ वयाच्या भारतीय मुलांना शाळेच्या मुख्याध्यापकांनी विहित नमुन्यात दिलेला ओळखीचा दाखला चालतो. नियम निघण्याआधी पुन्हा तपासून घ्या. दोन्ही पालकांचे लेखी संमतिपत्र, रक्तगट, ॲलर्जी, चालू औषधे आणि प्रवास विमा प्रत्येकाच्या फाइलमध्ये असावा. काठमांडू सुमारे १,४०० मीटरवर आहे, तिथे त्रास होत नाही. २,५०० मीटरच्या वर जाणार असाल तर चढाई सावकाश ठेवा. एकटा मोठा माणूस आणि एकटे मूल बंद खोलीत कधीही नसावे, मग तो मोठा माणूस पाळक का असेना. अत्याचाराची माहिती मिळूनही ती न कळवणे हा २०१२ च्या पॉक्सो कायद्याने गुन्हा आहे. हे सोबत जाणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाला वाचून दाखवा आणि त्यांची सही घ्या.

याच पायरीवर दोन ‘नाही’ आहेत. अनाथाश्रमाची भेट नाही. नेपाळमधल्या अशा संस्थांतील बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील हयात आहेत, आणि या संस्थांची गर्दी पर्यटक येतात त्याच जिल्ह्यांत आहे. पाहुणे येत राहतात म्हणून मुले गोळा केली जातात. ऑस्ट्रेलियाने २०१८ मध्ये हा प्रकार आधुनिक गुलामगिरीच्या कायद्याखाली आणला. चांगल्या हेतूने किती घसरता येते, हे जानेवारी २०१० मध्ये हैतीत दिसले. भूकंपानंतर ३३ मुलांना ‘अनाथ’ म्हणून सीमेपार नेऊ पाहणाऱ्या दहा अमेरिकी बॅप्टिस्टांना तिथे अटक झाली. त्या मुलांपैकी बहुतेकांचे पालक जिवंत होते. दुसरे ‘नाही’ फोटोंना. बाप्तिस्म्याचे, प्रार्थनेत डोळे मिटलेल्यांचे, लहान मुलांचे फोटो इन्स्टाग्रामवर टाकायचे नाहीत, कितीही सुंदर आले तरी. पुण्यात दोनशे लाइक मिळवणारा फोटो तिथे पुरावा ठरू शकतो.

मग मुलांनी तिथे करायचे काय? यजमान सांगतील ते. बटाटे सोला, सतरंज्या झटका, म्हाताऱ्या आजींबरोबर शेतावर जा, संध्याकाळी त्यांच्या मुलांबरोबर व्हॉलीबॉल खेळा. जुन्या विश्वासणाऱ्यांकडून तुरुंगाच्या दिवसांच्या हकिकती ऐका आणि वहीत उतरवा. नाटुकले घरी ठेवा. साक्ष द्यायची वेळ आली तर ती पाळक सांगतील तेव्हा आणि तेवढीच द्या.

परतल्यावरची पायरी आपण हमखास गाळतो. पुढच्या रविवारी मुले व्यासपीठावर उभी राहतात आणि एकजण म्हणतोच, ‘तिथले लोक इतके गरीब असूनही किती आनंदी आहेत.’ हे वाक्य आम्हाला बंद करायचे आहे, कारण ते गरिबीची चौकशी तिथेच संपवते. त्यापेक्षा प्रत्येकाने एका माणसाविषयी, त्याच्या परवानगीने, नीट माहिती घेऊन बोलावे: तो काय काम करतो, मुलगा आखातात का गेला, शेती का पुरत नाही. व्हेर बीक यांच्या अभ्यासाचा धडा हाच आहे, की पाठपुरावा नसेल तर बदल टिकत नाही. वर्षभर दर महिन्याला गटाने भेटावे, नेपाळी उपासनेला जाणे चालू ठेवावे. आणि यजमान मंडळीकडून अहवाल मागवून तो उपासनेत जसाच्या तसा वाचून दाखवावा, टीका असली तरी.

शेवटी एक सूचना. ज्या मंडळ्यांनी पुढच्या मेसाठी पैसे बाजूला काढले आहेत, त्यांनी ते दोन भागांत वाटावेत. पहिल्या वर्षी त्यातून नेपाळी तरुणांना महाराष्ट्रात बोलवा. त्यांना आपल्या घरी ठेवा, आपल्या तरुण संघासमोर बोलू द्या, त्यांच्या पाळकाला आपल्या व्यासपीठावरून संदेश देऊ द्या, आणि आपली मुले कशी वागतात हे त्यांना पाहू द्या. घरी कोणाला बोलवायचे, याचा निर्णय मग त्यांना डोळसपणे घेता येईल. त्यांचे बोलावणे आले, तर दुसऱ्या वर्षी जा. नाही आले, तर उरलेले पैसे त्या मंडळीला पाठवायचे, की इथल्या नेपाळी मंडळीच्या भाड्याला लावायचे, हे त्यांनाच विचारा.