मे महिना पास झाल्याशिवाय बोलू नका

परवा श्रीरामपूरहून भाचा आला होता. लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो, धंदा बरा चाललाय. चहा व्हायच्या आत त्याने मोबाइल पुढे केला. "मामा, हे बघा, यात सेफ व्होल्टेज दिलंय. एवढा आकडा टाकला की प्रोसेसर पळायला लागतो. लोकांचं वर्षभर चाललंय."

"कुठल्या लोकांचं?"

"म्हणजे?"

"त्यांच्या खोलीत मे महिन्यात दुपारी तीन वाजता किती असतं?"

गडी गप्प झाला. तो गप्प झाला म्हणून मी बोलतोय. बरेच दिवस मनात साचलं होतं.

आधीच सांगतो, मी ओव्हरक्लॉकिंगच्या विरोधात नाही. "मशिनला हात लावू नको, वॉरंटी जाईल" म्हणणारी जी जमात घराघरात असते, तिच्यात मला मोजू नका. माझं भांडण त्या 'सेफ' शब्दाशी आहे. कुणीतरी, कुठेतरी, एसीच्या खोलीत बसून एक आकडा काढतो आणि आपण तो नगरच्या उन्हाळ्यात जसाच्या तसा बायोसमध्ये भरतो. हा शुद्ध गाढवपणा आहे, आणि तो मी स्वतः केलेला आहे. त्याची कथा पुढे येईलच.

घरच्या मंडळींसाठी थोडक्यात. प्रोसेसर एका ठोक्यावर चालतो, तो ठोका कंपनीने ठरवलेल्यापेक्षा जलद करणं म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. यात चोरीमारी काही नाही. एकाच साच्यातून निघालेले प्रोसेसर कंपनी वेगवेगळ्या वेगाच्या नावाने विकते, त्यामुळे स्वस्तातल्या मालातही पुष्कळदा दम शिल्लक असतो. १९९८ साली इंटेलचा सेलेरॉन ३००ए आला. त्याचा बस ६६ वरून १०० मेगाहर्ट्झवर नेला की ३०० चा प्रोसेसर ४५० ला चालायचा, तोही बहुतेक वेळा व्होल्टेजला हात न लावता. दीडपट वेग, फुकट! त्या एका प्रोसेसरने आमच्या पिढीला या नादाला लावलं.

पण "व्होल्टेजला हात न लावता" हे त्यातलं खरं वाक्य होतं, आणि तेच सगळे विसरले.

गणित साधं आहे. प्रोसेसरची उष्णता वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १.८ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर त्याच व्होल्टेजवर २.४ ला नेला, तर वेग एकतृतीयांश वाढला आणि उष्णताही साधारण तेवढीच वाढली. सौदा बरोबरीचा झाला. तोच ३ गिगाहर्ट्झला नेण्यासाठी व्होल्टेज १.२५ वरून १.४५ केलं, तर वेग वाढतो एक पूर्णांक दोनतृतीयांश पट आणि उष्णता जवळपास सव्वादोन पट. हीटसिंक मात्र तोच, पंखा तोच, खोली तीच.

(इथे काका म्हणतील, "पण आपण स्टॅबिलायझर लावलाय ना!" काका, ते व्होल्टेज वेगळं. भिंतीतून येतात २३० व्होल्ट. एसएमपीएस त्याचे १२ करतो आणि मदरबोर्ड त्या १२ चे सव्वाच्या आसपास करून प्रोसेसरला देतो. आपण बोलतोय ते या शेवटच्या सव्वा व्होल्टबद्दल. त्याला क्षुल्लक समजू नका. सव्वा व्होल्टवर १०० वॅट द्यायचे म्हणजे ८० अँपिअर. दोन किलोवॅटचा घरचा गिझर नऊसुद्धा घेत नाही.)

आता नगरकडे या. कागदोपत्री अहिल्यानगर झालं तरी ऊन तेच आहे. जानेवारीच्या पहाटे पारा दहाच्या आसपास, कधी त्याच्याही खाली. मे महिन्यात चाळिशी. पंख्याने थंड होणारा कुठलाही प्रोसेसर खोलीच्या हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही. तो नेहमी खोलीपेक्षा अमुक इतके अंश वर राहतो. खोली २२ असताना तो ६८ ला असेल, तर खोली ३८ झाल्यावर तो ८४ ला जाणार, काम एका पैशानेही न वाढवता. वर कॅबिनेट भिंतीला चिकटवून कोनाड्यात ठेवलेलं. वर आपल्या दुष्काळी जिल्ह्याची धूळ, जी सहा महिन्यांत हीटसिंकच्या पात्यांमध्ये अशी बसते की गोधडीच पांघरलीय. डेझर्ट कूलरने खोली उतरते खरी, पण लाइट गेली की कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर चालू राहतो आणि कूलर बंद पडतो.

आणि भाच्याचा धंदा कधी जोरात असतो? लग्नसराईत. म्हणजे एप्रिल-मे. ज्या दुपारी खोली सगळ्यात तापलेली, त्याच दुपारी मशिनवर सगळ्यात जास्त काम. तो आकडा लिहिणाऱ्याने याचा विचार केला असेल असं वाटत नाही.

यावर ठरलेलं उत्तर येतं, "काही होत नाही हो, जास्त तापला तर प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो." बरोबर. हल्लीचे प्रोसेसर ९५ किंवा १०० अंशांच्या सुमाराला स्वतःला आवरतात, सहसा जळत नाहीत. पण मग मिळवलं काय? बैलाला पळायला लावलं, तो धापा टाकत चालायला लागला, आणि वैरण मात्र दुप्पट खाल्ली! शिवाय खरा धोका जळण्याचा नाहीच. जळलेला प्रोसेसर निदान प्रामाणिक असतो, धूर काढून सांगतो. खरा धोका चुकणाऱ्या प्रोसेसरचा. तापलेल्या सर्किटमध्ये संदेश पोहोचायला किंचित जास्त वेळ लागतो. ठोका आधीच जलद केलेला असला, तर एखादा संदेश पुढच्या ठोक्याच्या आत पोहोचत नाही आणि एकाच्या जागी शून्य लिहिलं जातं. स्क्रीन निळी पडली तर नशीब समजा. बहुतेकदा काहीच होत नाही. मशिन खोटं बोलतं आणि आपल्याला कळत नाही.

आता ती कथा. ही घरातल्यांनी नीट वाचावी, कारण ती मी तुम्हाला कधी सांगितलेली नाही.

आजीच्या जात्यावरच्या ओव्या काकांनी टेपरेकॉर्डरवर घेतल्या होत्या, अकरा तुकडे. २००९ च्या मे महिन्यात मी त्या कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवल्या. तेव्हा माझ्याकडे वर सांगितलेलाच १.८ चा ड्युअल कोर होता, ३ गिगाहर्ट्झला पळवलेला, १.४५ व्होल्टवर. जानेवारीत रात्रभर प्राइम ९५ चालवून मी तो 'स्टेबल' ठरवला होता आणि चार मित्रांना फुशारकीने सांगितलंही होतं. ओव्यांच्या मूळ फाइल मोठ्या होत्या. जागा वाचवायला त्या अकराही एका झिपमध्ये बांधल्या, झिप सीडीवर घेतली, मूळ फाइल पुसल्या. कॅसेट आता कशाला, म्हणून त्याही भंगारात दिल्या.

दिवाळीला सगळे जमले तेव्हा ती झिप उघडली. सात ओव्या निघाल्या. चार निघाल्या नाहीत, सीआरसी एरर. मी तुम्हाला सांगितलं, सीडी खराब निघाली. ते खोटं होतं. सीडीवरची झिप आणि हार्ड डिस्कवरची झिप तंतोतंत एकसारखी होती, तेच चार तुकडे दोन्हीकडे बिघडलेले. म्हणजे ती बांधतानाच चुकली होती. पुढच्या मे महिन्यात मी भर दुपारी तीच सेटिंग लावून पुन्हा प्राइम ९५ चालवलं. वीस मिनिटांत चूक. मूळ वेगावर आणलं, रात्रंदिवस चालवलं, एकही चूक नाही. चूक प्रोसेसरने केली की रॅमने, हा वाद फिजूल आहे. बस वाढवला की दोन्ही पळतात, आणि दोघांना मीच पळवलं होतं. आजीच्या चार ओव्या मी दीड गिगाहर्ट्झसुद्धा नसलेल्या हौसेपायी घालवल्या.

म्हणून जानेवारीत 'स्टेबल' म्हणणाऱ्यावर माझा विश्वास नाही. मे महिना पास झाल्याशिवाय बोलू नका.

आता दुसऱ्या बाजूचे खूश झाले असतील, "बघा, म्हणूनच सांगतो, कंपनीने दिलंय तसं ठेवावं." थांबा. कंपनीने दिलंय तेही देववाक्य नाही. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे वरच्या किमतीचे डेस्कटॉप प्रोसेसर, ज्यांना कुणी बोटही लावलं नव्हतं, तेही बंद पडू लागले. २०२४ मध्ये कंपनीने मान्य केलं की त्यांचाच मायक्रोकोड गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता. दुरुस्ती आली, वॉरंटी दोन वर्षांनी वाढली, पण झालेली झीज काही भरून निघाली नाही. त्याआधी २०२३ मध्ये एएमडीचे काही रायझन ७००० प्रोसेसर सॉकेटमध्येच करपले, तेव्हा एसओसी व्होल्टेजला १.३ ची मर्यादा घालणारे बायोस काढावे लागले. दोन्हीकडे गुन्हेगार एकच, व्होल्टेज. तेव्हा "हात लावू नको" हाही हिशेब नव्हे. हात लावू नका, पण डोळे तरी उघडे ठेवा! तापमान आणि व्होल्टेज दाखवणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. मदरबोर्ड 'ऑटो' वर किती व्होल्टेज देतोय, हे ओव्हरक्लॉक न करणाऱ्यानेही एकदा पाहावं.

आपल्याच नगर तालुक्यात हिवरे बाजार आहे. पोपटराव पवारांच्या या गावाने नाव कशावर कमावलं? पाण्याच्या ताळेबंदावर. पाऊस किती झाला ते मोजायचं आणि त्याप्रमाणे पिकं ठरवायची. ऊस-केळी नाही, शेतीसाठी बोअर नाही. पाणी कमी पडलं की आणखी खोल बोअर मारायचं, हा बाकीच्यांचा उपाय. व्होल्टेज वाढवणं म्हणजे तेच खोल बोअर आहे. आज पाणी लागतं, उद्या खालचंही आटतं. जास्त व्होल्टेज आणि जास्त उष्णता यांनी प्रोसेसर खरोखर झिजतो, आणि पहिल्या वर्षी ज्या व्होल्टेजवर चालला तेवढं त्याला काही वर्षांनी पुरत नाही. मग पुन्हा थोडं वाढवा. तसं न करता उष्णतेचा ताळेबंद मांडा.

तो कसा मांडायचा, भाच्याला सांगितलं तेच इथे सांगतो. आधी बॅकअप, दुसऱ्या डिस्कवर, आणि तो उघडून पाहिलेला. मग ब्लोअरने धूळ, नवीन थर्मल पेस्ट, कॅबिनेट कोनाड्याबाहेर. मग काहीही न वाढवता भर दुपारी तासभर खरंखुरं रेंडरिंग चालवून तापमान लिहून काढायचं. तिथेच ८५ च्या वर असेल तर विषय संपला, पैसे कूलरवर घाला. खाली असेल तर व्होल्टेज 'ऑटो' वरून काढून मूळ आकड्यावर बांधायचं आणि वेग थोडा थोडा वाढवायचा. पहिली चूक दिसली की व्होल्टेज वाढवायचं नाही, दोन पायऱ्या खाली यायचं. रात्रभर प्राइम ९५, दुसऱ्या रात्री मेमटेस्ट. आणि ही परीक्षा दर मे महिन्यात नव्याने.

नवीन प्रोसेसर असेल तर मी आणखी एक सांगेन, आणि ते ऐकून पोरं नाराज होतात. हल्ली कंपन्या प्रोसेसर आधीच जवळपास टोकापर्यंत पळवून विकतात. तुमच्यासाठी शिल्लक फारसं राहिलेलं नाही. १७० वॅटचा प्रोसेसर बायोसमधून १०५ च्या मर्यादेत बसवा. वेग थोडाच उतरतो, उष्णता पुष्कळ उतरते, आणि दुपारी तीनलाही तो दम न लागता एकाच चालीने चालतो. व्होल्टेज कमी करूनही हे साधतं, पण तिथेही परीक्षा तीच. गरजेपेक्षा कमी दिलं तरी तो चुकतोच.

भाचा म्हणाला, "मामा, म्हणजे हळू चालवू?"

म्हटलं, "बाबा रे, लोकांची लग्नं परत लागत नाहीत. नवरीच्या आजीचा आवाज तुझ्या त्या फाइलमध्ये असतो."

त्याने मोबाइल खिशात ठेवला. पटलं की नाही, ते मे मध्ये कळेल.

असो. सात ओव्या आहेत त्या तीन ठिकाणी ठेवल्यात, उघडून पाहून. ज्यांना हव्यात त्यांनी सांगा. आणि राहिलेल्या चारांपैकी एखादी कुणाला तोंडपाठ असेल, तर फोन करा. मी लिहून घेईन. वहीत.