नाक बिघडलं की धूर?

काय दोस्तांनो, गाडीलाही नाक असतं, ठाऊक आहे? एका वाचकमित्राने पत्रातून विचारलंय, ‘आमच्या गाडीत इंजिनाचा पिवळा दिवा लागलाय. मेकॅनिक म्हणतो, ऑक्सिजन सेन्सर गेला, नवा घाला. बाबा म्हणतात, खर्च मोठा आहे. खरंच गेला असेल का?’

झकास प्रश्न! हा सेन्सर म्हणजेच ते नाक. बोटभर लांबीचं, धुराच्या पाइपात खुपसलेलं. स्वीडनच्या व्होल्वो गाड्यांत १९७६ साली ते प्रथम आलं. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. धुरात ऑक्सिजन उरला, तर हवा जास्त झाली; उरलाच नाही, तर पेट्रोल जास्त झालं. सेन्सर तीनशेएक अंशांपर्यंत तापला की हाच फरक विजेच्या भाषेत सांगतो. ऑक्सिजन नसेल तर सुमारे ०.९ व्होल्ट, भरपूर असेल तर ०.१. त्यावरून गाडीतला छोटा कॉम्प्युटर पेट्रोल कमी-जास्त करतो. म्हणून तापलेल्या इंजिनात हा आकडा सारखा वरखाली नाचायला हवा.

समजा, तो ०.१ वरच अडून बसला. झालं, नाक बिघडलं? थांबा! ताप दाखवला म्हणून आपण थर्मामीटर फेकून देतो का? कदाचित सेन्सरच्या अलीकडे पाइपाला चीर गेली असेल आणि बाहेरची हवा आत शिरत असेल. सेन्सर बिचारा खरंच बोलतोय, कॉम्प्युटर मात्र उगीच जास्त पेट्रोल ओततोय! गंमत म्हणजे, स्पार्क प्लग नीट ठिणगी टाकत नसला तरी हेच होतं. पेट्रोल जळतच नाही, मग ऑक्सिजनही तसाच उरतो.

मग खरा चोर कसा पकडायचा? जाणकार मेकॅनिक इंजिनात जाणाऱ्या हवेत जरासा गॅस सोडून बघतो. आकडा झटकन ०.८ च्या वर उडाला, तर नाक शाबूत. चीर शोधा, फाटलेली रबरी नळी शोधा. आकडा ढिम्म हलला नाही, तर आधी वायर आणि सेन्सरमधला हीटर तपासायचा, नव्या सेन्सरचं नाव त्यानंतर. (बऱ्याच नव्या गाड्यांत पुढचा सेन्सर निराळ्या जातीचा असतो. त्याला हे आकडे लागू नाहीत.)

हे प्रयोग तुम्ही करायचे नाहीत हं! पाइप चांगलाच चटका देतो आणि बंद गॅरेजातला धूर जीवघेणा असतो. बाबांनी मेकॅनिकला एवढंच विचारावं, ‘आकडा पाहिलात का?’ आणि हो, दिवा लुकलुकायला लागला तर मात्र गाडी दामटू नका. न जळलेलं पेट्रोल तेव्हा धूर शुद्ध करणाऱ्या डब्यात जाऊन पेटत असतं, आणि तो डबा सेन्सरपेक्षा कितीतरी महाग!