एक जास्तीची गोधडी

आमच्या चाळीत शेजारच्या खोलीतला एक मुलगा आठवड्यातून दोन-तीनदा आमच्याकडे झोपायला यायचा. माझ्याच वर्गातला, नववीतला. रात्री दहाच्या सुमारास दार अर्धवट ढकलून उभा राहायचा. आई काही विचारत नसे. माझ्या अंथरुणाशेजारी एक जास्तीची गोधडी टाकायची आणि दिवा मालवायची. त्या रात्री त्याच्या वडिलांनी पिऊन घर डोक्यावर घेतलेलं असायचं, हे साऱ्या चाळीला ठाऊक होतं. मला आठवतं ते त्यानंतरचं. जिन्यावर कुणाचीही चप्पल वाजली की तो अंधारात उठून बसायचा. ती चप्पल वडिलांची नाही याची खात्री पटल्यावरच आडवा व्हायचा. सकाळी पहिल्याच तासाला त्याचं डोकं बाकावर. शिक्षकांनी त्याला आळशी ठरवलं होतं, आणि काही दिवसांनी त्यानेही ते मान्य करून टाकलं.

यंदाच्या दिवाळी अंकाचा विषय 'किशोरवयातलं नैराश्य' ठरला तेव्हा पहिल्यांदा तोच डोळ्यांपुढे आला.

बालपणी सोसलेलं पुढे कुठवर पोचतं, याचा एक मोठा हिशेब अमेरिकेत सॅन डिएगो इथे मांडला गेला. डॉ. व्हिन्सेंट फेलिटी तिथे लठ्ठपणावर उपचार करत. वजन नीट उतरत असलेले लोकच उपचार अर्धवट सोडून जात. त्यांच्याशी बोलता बोलता अनेकांच्या लहानपणीचा लैंगिक छळ पुढे आला. मग १९९५ ते १९९७ या काळात त्यांनी डॉ. रॉबर्ट आंदा यांच्याबरोबर १७ हजारांहून अधिक प्रौढांना लहानपणाबद्दल विचारलं: मारहाण, छळ, घरातलं व्यसन, आईला होणारी मारझोड, घरातल्या कुणाचा तुरुंगवास. हे लोक बहुतांशी मध्यमवर्गीय, शिकलेले, आरोग्यविमा असलेले होते. १९९८ साली पहिला निबंध प्रसिद्ध झाला. असे चार किंवा अधिक अनुभव सांगणाऱ्यांमध्ये नैराश्याची शक्यता, एकही अनुभव नसलेल्यांच्या सुमारे साडेचार पट निघाली. शक्यता, बरं का. एखाद्या मुलाची पत्रिका अशा आकड्यांवरून कुणी मांडू नये.

पण जुनी भीती नव्या वयात येते कोणत्या वाटेने? एक वाट झोपेतून जाते, आणि तिच्याकडे आपलं फारसं लक्ष नाही.

झोप म्हणजे पहारा सोडणं. ज्या घरात रात्री काहीही घडू शकतं, तिथलं मूल पहारा सोडत नाही. शरीर सावध राहायला शिकतं आणि धोका टळल्यावरही ती सवय मोडत नाही. झोप लागायला उशीर, मध्येच दचकून जाग. अपुऱ्या झोपेने मन हळवं आणि तापट होतं. साधा शब्दही लागतो. झोप बिघडणं हे नैराश्याचं लक्षण आहेच, पण पुष्कळदा आधी झोप बिघडते आणि नैराश्य मागून येतं. या वयात ते नेहमी रडवेल्या चेहऱ्याने येत नाही. ते चिडचिड होऊन येतं. मग घरचे म्हणतात, 'फार उद्धट झालाय हल्ली.'

त्यात वयाचीही भर आहे. किशोरवयात शरीराचं घड्याळच पुढे सरकतं. झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा स्रवू लागतं. या मुलांना ८ ते १० तास झोप हवी. आपण त्यांना अकरा-साडेअकराला झोप येते म्हणून रागावतो आणि साडेपाचला उठवून सातच्या शाळेला पाठवतो. सगळा दोष मोबाइलवर टाकणं मला पटत नाही. मोबाइल झोप उडवतो, खरं आहे; पण झोप येत नाही म्हणून एकट्याने मोबाइल बघत पडलेली मुलंही घराघरांत आहेत.

महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत असा निर्णय घेतला. चांगला निर्णय. मात्र ज्यांचं घड्याळ निसर्गानेच पुढे ढकललंय, ती आठवी ते बारावीची मुलं त्यातून सुटली. कॅलिफोर्नियात २०२२ पासून कायद्यानेच बहुतेक माध्यमिक शाळा साडेआठच्या आधी भरत नाहीत.

पण जागरणाचं कारण नेहमी घड्याळ किंवा शाळा नसते. हा अंक तुमच्या हाती असेल तेव्हा बीडकडचे कोयते, म्हणजे ऊसतोड करणारी जोडपी, साखर कारखान्यांच्या वाटेवर असतील. आगाऊ पैशांची उचल घेतलेली, मुकादमाचा निरोप आलेला. उसाची गाडी भरायला रात्री-अपरात्री बोलावणं येतं. आईबाप निघतात, आणि कोपीत, म्हणजे तिथल्या झोपडीत, धाकट्यांना उराशी धरून जागी राहते ती तेरा-चौदा वर्षांची थोरली. जी मुलं गावी आजीजवळ राहतात, त्यांचे आईबाप पाच-सहा महिने नजरेआड. याच बीड जिल्ह्यात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, २० ते २४ वयाच्या ४० टक्क्यांहून अधिक तरुणींचं लग्न १८ वर्षांच्या आत झालेलं आढळलं. त्या थोरलीला 'वेळेवर झोपत जा' सांगून काय होणार? तिला कडी असलेलं दार हवं, हंगामी वसतिगृह हवं, शाळेत हजेरीपलीकडे तिचा चेहरा वाचणारं माणूस हवं.

असं एखादं माणूस किती पुरतं, हे मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर यांनी दाखवलं. हवाईतल्या कवाई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा माग त्यांनी कित्येक दशकं ठेवला. गरिबी, आजार, घरातली भांडणं अशा चटक्यांत वाढलेल्यांपैकी जवळपास एकतृतीयांश मुलं नीट, मायाळू, कर्ती माणसं झाली. त्यांच्या आयुष्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली: जीव लावणारं, भरवशाचं कुणीतरी. आजी, मावशी, शिक्षिका, शेजारीण.

घडून गेलेलं बालपण बदलता येत नाही. आज रात्रीची झोप मात्र सुधारता येते. निद्रानाशावर गोळीशिवाय, बोलून आणि सवयी बदलून उपचार होतात, किशोरांवरही.

या दिवाळीत भाचरं-पुतणे घरी जमतील. 'अभ्यास काय म्हणतोय?' हे उद्या विचारा. आधी बाजूला घेऊन विचारा, 'रात्री झोप लागते का रे?' उत्तर यायला वेळ लागला, तर थांबा. गप्प राहून ऐका. आणि ते उत्तर तुमच्या आवाक्याबाहेरचं निघालं, तर 'टेलि-मानस' या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, मोफत असतो, आणि तिथे मराठीत बोलता येतं.